खाकीतला एक माणूस

माळटाकळी, ता. अंबाजोगाई
२७ फेब्रुवारी २०२४

प्रिय तानाजीभाऊ,

तुम्हाला फोन करण्यात अर्थ नाही. मागच्या वेळी मी "घरी सगळे बरे का" विचारलं आणि तुम्ही "ज्वारी काढून झाली" म्हणालात. मिरवणुकांच्या बंदोबस्तात तुमचे कान गेले, डोळे शाबूत आहेत. तेव्हा चष्मा लावा आणि पत्र शेवटपर्यंत वाचा. मग तुळजावहिनींना द्या.

आमच्या चर्चच्या आवारात दर हिवाळ्यात सुग्रीव नावाचा धनगर मेंढरं घेऊन उतरतो. त्याची बायको कडूबाई. माणूस अगदी शांत. पण वर्षातून एखाद्या वेळी त्याचं मन भलत्याच वेगानं धावायला लागतं. चार-चार दिवस झोप नाही, बडबड, गाणी, दिसेल त्याला जेवायचं आमंत्रण. हा आजार आहे आणि त्यावर गोळ्या आहेत. मी तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते, मी असे पुष्कळ पाहिले. या वेळी फिरतीवर गोळ्या संपल्या.

शनिवारी तो हातातल्या काठीसकट आमच्या आठवडी बाजारात भाजीच्या गाड्यावर चढला आणि म्हणाला, बाजार माझा आहे, सगळ्यांनी फुकट न्या. लोकांनी हसून हसून गोंधळ घातला. कोणीतरी ठाण्यात फोन केला. दोन शिपाई आले. "काठी टाक" म्हणून दोघं ओरडले, त्यांच्याबरोबर सगळा बाजार ओरडला. सुग्रीवनं काठी टाकली नाही. तरुण शिपायानं लाठी मारली, सुग्रीवनं त्याला ढकललं. सुग्रीवचं मनगट मोडलं. रात्र कोठडीत गेली आणि वर 'सरकारी कामात अडथळा' म्हणून गुन्हा.

रविवारी चर्चमध्ये भक्ती चालू असताना कडूबाई दारात येऊन उभी राहिली. पाळकसाहेबांनी उपदेश अर्ध्यावर सोडला. आता सुग्रीव जामिनावर सुटून अंबाजोगाईच्या दवाखान्यात आहे, कडूबाई त्याच्यापाशी आहे आणि सत्तर मेंढरं आमच्या गळ्यात आहेत.

काल चर्चची सभा झाली. कोणाला शिक्षा व्हावी असं आम्हाला नको, कडूबाईलाही नको. तिचं म्हणणं एवढंच, की याला पुन्हा तसं झालं तर पोलिसांनी पुन्हा तसं करू नये. ही मागणी घेऊन आम्ही ठाण्यात जाणार आहोत. पोलिसांनी वाचावा असा अर्ज कसा लिहायचा, ते तुम्ही सांगा. आणि जमलं तर स्वतः या.

तुमची,
मोहिनी

~

चकलांबा, ता. गेवराई
७ मार्च २०२४

सिस्टर,

पत्र मिळालं. चष्मा लावला. तीनदा वाचलं.

तुमी पोलिसांना शिकवायला निघालात, चांगली गोष्ट हाय. पण जरा आमच्या बाजूनं बघा. एका ठाण्याला पन्नास गावं, माणसं वीस, त्यातली निम्मी बंदोबस्तावर. भर बाजारात एक इसम हातात धनगरी काठी घेऊन उंच उभा हाय, भोवती दोन हजार लोक, आन् शिपायाच्या नोकरीला जेमतेम वर्ष झालेलं. त्याला कुनी शिकवलं असतं तर त्यानं केलं असतं. आमाला परेड शिकवली, कवायत शिकवली. माणसाशी बोलायचं कसं, ते कुनी शिकवलं न्हाई.

अर्जाचं म्हणाल तर एका पानात लिहा. वरच्या साहेबाला नक्कल पाठवू न्हाई, ठाणेदाराला वाटंल तक्रार केली. चाळीस माणसं घेऊन जाऊ न्हाई, मोर्चा वाटंल. तिघं जा. 'अन्याय' हा शब्द घालू न्हाई. 'सहकार्य' घाला, दोनदा घाला. आन् मंगळवारी जाऊ नका, मंगळवारी मीटिंगा असतात.

माझ्या येण्याचं मनावर घेऊ नका. बहिरा माणूस भाषण काय देणार. गेवराईला आपण शेजारी व्हतो, तुमी माझ्या पोरांची दुखणी काढली, तुमाला न्हाई म्हणताना जीभ जड होती. पण न्हाई.

आपला,
तानाजी, निवृत्त हवालदार

ता.क. ताई, मी तुळजा. पत्र पाकिटात घालाय माझ्याकडं दिलं म्हनून लिवते. नोकरीला वर्ष झालं असं तुमच्या पत्रात कुठंच न्हाई. ह्यांनी मनानंच लिवलं. लई विचारात हायत. भाकरी मोडून ठेवत्यात आन् खात न्हाईत.

~

माळटाकळी
१८ मार्च २०२४

प्रिय तानाजीभाऊ,

तुमच्या सल्ल्यानं एक पान, तीन माणसं, बुधवार. 'सहकार्य' तीनदा घातलं, एक चुकून जास्त झालं.

ठाणेदार भले गृहस्थ निघाले. पाळकसाहेबांनी त्यांच्यापुढे २०१७ चा मानसिक आरोग्याचा कायदा ठेवला. कलम शंभर: असा माणूस भटकताना सापडला तर पोलिसांनी त्याला आपल्या रक्षणात घ्यायचं, चोवीस तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचं आणि कोठडीत ठेवायचं नाही. ठाणेदारांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि म्हणाले, "सिस्टर, हे मला माहीत असायला पाहिजे होतं." एवढं बोलायलाही मोठं मन लागतं.

मग म्हणाले, "पण माझी पोरं तुमचं ऐकणार नाहीत. त्यांना वाटेल, चर्चवाले उपदेश करायला आले. मला खाकीतला एक माणूस आणून द्या. ज्यानं लाठी धरलीय असा. निवडणूक संपली की एक दिवस मी पोरं देतो."

खाकीतला माणूस मला एकच माहीत आहे.

मेंढरांची हकिगत: तेवीस दिवस झाले. कडूबाई येऊन-जाऊन असते, बाकी भगिनी मंडळानं पाळ्या लावल्यात. संडे स्कूलची झेंडूची रोपं संपली. पाळकसाहेबांनी वीस वर्षं मेंढपाळावर उपदेश केले. आता ते म्हणतात, की मेंढरू आवाज ओळखून मागे येतं हे खरं, पण तो आवाज कडूबाईचा पाहिजे. त्यांचा आवाज ऐकून ती विरुद्ध दिशेला जातात.

वहिनी, ह्यांना जेवायला लावा.

मोहिनी

~

चकलांबा
२५ मार्च २०२४

सिस्टर,

तो शिपाई सोमेश्वर हाय. माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. भरतीला पळायला त्याला मीच शिकवलं. काल होळीला बहिणीकडून कळलं.

मला आधीच संशय व्हता, कारण तुमच्या ठाण्यात तो मागच्या वर्षी लागला. तुमी दोन पत्रं लिहिली आन् नाव लिहिलं न्हाई. माझ्याच भाच्याच्या विरोधात माझ्याच सल्ल्यानं अर्ज लिहिला. पोलीस असल्या कामाला काय म्हणतात ते मी लिहीत न्हाई.

पुढचं पत्र पाठवायची तसदी घेऊ नका.

तानाजी

~

चकलांबा
२६ मार्च

मोहिनीताई,

हे शेळ्या घेऊन गेलेत, तवर लिवते. राग धरू नका. राग तुमच्यावर न्हाईच.

तुमाला आठवत आसंल, अठ्ठ्याण्णव साली आपन गेवराईला व्हतो. तवा एका बाजारात ह्यांनी एक बाई पकडली व्हती. बाळंत होऊन महिना झालेला, डोक्यात फरक पडलेला, रस्त्यानं दगड मारीत चाललेली. ह्यांनी तिला दोराखंडानं ठाण्याच्या खांबाला बांधली. दोन दिस. तिचा भाऊ येईपर्यंत. ती ह्यांनाच दादा दादा म्हनत व्हती, दादा सोड म्हनत व्हती. ह्यांनी मला हे एकदाच सांगितलं, पुन्यांदा कदी न्हाई. पर अजून कुनी ह्यांना दादा म्हनलं की उठून जात्यात. म्हनून तर आमची पोरं ह्यांना आबा म्हनत्यात.

आता सोमेश्वरचं कळलं तवापासून म्हनत्यात, माझंच ह्या पोरात उतरलं.

तुमी त्यांना लिवा. पुढचं पत्र नको म्हनले तरी ते रोज पोस्टमनची वाट बघत्यात.

तुमची,
तुळजा

~

माळटाकळी
१ एप्रिल २०२४

प्रिय तानाजीभाऊ,

तुम्ही नको म्हटलं तरी लिहिते आहे.

नाव मी मुद्दाम लिहिलं नाही, हे खरं. तुम्ही भाच्यासाठी रागवाल याची भीती नव्हती. भीती ही होती, की तुम्ही त्याच्यावर हात उचलाल आणि मग तो कोणालाच काही सांगणार नाही. मी तुम्हाला तीस वर्षं ओळखते आणि तरीही विश्वास कमी पडला. माझं चुकलं.

आता बातमी ऐका. गुड फ्रायडेला आमची तीन तासांची उपासना असते. बंदोबस्ताला ठाण्यातून एक शिपाई दिला. तो सोमेश्वर. गेटपाशी उन्हात उभा, आत यायला तयार नाही. क्रुसावरच्या ख्रिस्ताच्या सात शब्दांपैकी पाचव्यावर उपदेश चालू होता, तेवढ्यात मागच्या कुंपणातून सगळी मेंढरं हायवेवर. मला खिडकीतून दिसत होतं, पण उपासनेतून उठायचं कसं. सोमेश्वर टोपी सांभाळत त्यांच्यामागे धावला. तो जितका धावला तितकी ती पांगली. एक एसटी थांबली, मग दुसरी थांबली. तेवढ्यात कडूबाई आली. ती रस्त्यातच उभी राहिली आणि त्याला म्हणाली, "आवो साहेब, पळू नका. तुमी पळताव म्हनून ती पळत्यात. गप हुबे ऱ्हावा." तो उभा राहिला. तिनं दोन हाका घातल्या. दहा मिनिटांत सगळी आत.

तिनं त्याला ओळखलं होतं. तरी चहा दिला. मी बाहेर आले तेव्हा तो कप हातात धरून उभा होता आणि चहावर साय आली होती. शेवटी म्हणाला, "हात कसा हाय त्यांचा?"

"प्लास्टर निघालं नाही अजून," कडूबाई म्हणाली. "तुमीच जाऊन बघा की. अंबाजोगाईलाच हायत."

आणि तो शनिवारी गेला, भाऊ. केळी घेऊन गेला. सुग्रीवशी काय बोलला ते मला माहीत नाही. माझ्याशी मात्र काल ईस्टरच्या दिवशी बोलला. म्हणाला, "सिस्टर, मी लई भ्यालतो. हातात लाठी होती आणि तोंडात शब्दच नव्हता. मामाला सांगू नका, ते म्हणतील पोलीस भीत नसतो."

मी त्याला म्हटलं, तुझा मामा असं म्हणणार नाही. मी खरं बोलले की खोटं, ते आता तुम्ही ठरवा.

मोहिनी

~

चकलांबा
९ एप्रिल २०२४

सिस्टर,

खरं बोललात.

सोमेश्वरला पत्र लिहिलं हाय. पुरवणी जबाब दे म्हणून. इसम आजारी व्हता, त्यानं हल्ला केला न्हाई, लाठी मी आधी मारली, हे त्यात लिही. नोकरीवर बालंट आलं तर माझी पेन्शन हाय, आपण दोघं खाऊ.

जूनमधी कवाबी तारीख धरा. मी येतो. माइक नको.

तानाजी

~

माळटाकळी
१७ जून २०२४

प्रिय तुळजावहिनी,

नेमकी तुमची शेळी व्यायला झाली आणि तुम्ही आला नाहीत. भाऊ घरी येऊन "झालं बरं" एवढंच सांगतील, म्हणून मी सविस्तर लिहिते.

शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये ठाण्याचे चौदा जण आले. ठाणेदार पुढच्या रांगेत. दोघं पंख्याखाली बसून झोपले, ते जेवणालाच जागे झाले. सोमेश्वर मागे भिंतीला टेकून उभा. भाऊ इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले होते आणि हातात छत्री होती. मला वाटलं, आता पोलिसी भाषण होणार. पण त्यांनी पहिल्या वाक्यालाच ती अठ्ठ्याण्णव सालची हकिगत सांगायला घेतली. दोराखंड, खांब, दोन दिवस, सगळं. आवाज नेहमीसारखाच चढा, ऐकू येत नाही ना. पण ती बाई त्यांना काय म्हणत होती तिथं आल्यावर आवाज बसला. मग म्हणाले, "तिची माफी मागायला मी चार वर्षांनी गेलतो. ती मला ओळखीना. तिच्या भावानं ओळखलं आन् दारातूनच वाटंला लावलं. बरोबर केलं."

हे तुम्हालाही माहीत नसेल, वहिनी.

नंतर म्हणाले, "आता मी येडा. पाच जण या आन् मला काबूत आणा." पाच जण आले. भाऊंनी छत्री उगारली. पाचही जण ओरडायला लागले. काठी टाका, काका, छत्री खाली, मागं व्हा, हात वर. भाऊ गोल फिरायला लागले. घामाघूम झाले. एक जण मागून धरायला आला, तर त्यांनी दचकून छत्री फिरवली आणि पाळकसाहेबांचा पाण्याचा जग फुटला. आता ते नाटक राहिलं नव्हतं. मी उठले.

भाऊंनीच हात वर केला. "थांबा. मला आत्ता नुसती तोंडं हलताना दिसत व्हती. काय म्हणत व्हता तुमी?"

"छत्री टाका म्हणत होतो."

"मला कसं कळावं? मी कानानं बहिरा. तो माणूस त्या घडीला डोक्यानं बहिरा असतो. एकानं बोला. चौघं गप बसा."

मग बबिता नावाची शिपाई मुलगी पुढे आली. तिनं आपली लाठी दारापाशी ठेवली, भाऊंच्या समोर, जरा लांब, जमिनीवर बसली आणि पाण्याचा ग्लास सरकवला. काहीच बोलली नाही. भाऊ तिच्याकडे बघत राहिले. छत्री केव्हा खाली ठेवली ते त्यांनाही कळलं नाही.

शेवटी सुग्रीव बोलला. कडूबाईबरोबर तो एसटीनं आला होता, नवा पटका बांधून. चौदा पोलिसांपुढे उभं राहताना त्यानं कडूबाईला शेजारी उभं केलं. म्हणाला, "साहेब, तवा माझ्या डोक्यात आधीच बाजार भरलेला आस्तो. भायेर आनखी एक कामून भरवता?"

ठाणेदार हसले, मग सगळेच हसले, सुग्रीवही.

एकानं विचारलं, "मग आम्ही करायचं काय?"

"माझं नाव घ्या. कुनी नाव घेतलं की मला समजतं मी कोन हाय. आन् कडूबाईला बोलवा. आन् जरा धीर धरा, लई न्हाई, घडीभर."

हे ठाणेदारांनी लिहून घेतलं. ठाण्याच्या भिंतीवर आता एक कागद आहे. एकानंच बोलायचं, नाव विचारायचं, घरच्यांना बोलवायचं, कोठडी नाही, दवाखाना. रात्री-अपरात्री गाडी मिळाली नाही तर आमच्या चर्चची रिक्षा न्यायची, तिचा नंबर खाली. रिक्षावाले आमचे शांतवनकाका. ते म्हणतात, पोलिसांनी बोलावलं म्हणून आनंद व्हायची माझी ही पहिलीच वेळ.

आणि केस. सोमेश्वरनं एप्रिलमध्येच पुरवणी जबाब दिला होता. त्याची एक वेतनवाढ थांबली. ठाणेदारांनी केस बंद करायचा अहवाल कोर्टात पाठवलाय. कडूबाईनं ते ऐकलं आणि विचारलं, "म्हंजी तारखेला जायचं न्हाई?" न्हाई म्हटल्यावर ती स्वयंपाकघरात गेली आणि भाकऱ्या थापायला बसली. साठ भाकऱ्या केल्या. कोणाला हात लावू दिला नाही.

निघताना सोमेश्वर मामाच्या पाया पडला. भाऊ त्याला काहीतरी म्हणाले, पण हळू बोलायची त्यांना सवय राहिलेली नाही, सगळ्या हॉलनं ऐकलं. "मी बी भेत व्हतो रे," म्हणाले. "नोकरीभर."

तुमची शेळी कशी आहे?

मोहिनी

~

चकलांबा
१० डिसेंबर २०२४

सिस्टर,

तुमी लेकीच्या बाळंतपणाला जालन्याला, म्हणून तुमच्या गावची बातमी तुमाला चकलांब्याहून देतो. सोमेश्वरनं मामीला फोनवर सांगितली, तिनं मला लिहून दाखवली. आता मी तुमाला लिहितो. पोलीस खात्यात कागद असाच फिरतो.

सुग्रीवची मेंढरं महिन्यापूर्वी तुमच्या आवारात उतरली. या वेळी गोळ्या व्हत्या, तो रोज घेतही व्हता. पण आजार तो आजार. मागच्या गुरुवारी सकाळी नऊच्या सुमाराला सोमेश्वर ठाण्यात टेबलावर व्हता. दारात सुग्रीव उभा. एकटाच, चालत आलेला, डोळे लाल. ठाण्यात तिघं-चौघं तक्रारदार बसलेले, ते घाबरून सरकले.

सोमेश्वर उठला. टेबलाच्या अलीकडं आला आन् म्हणाला, "सुग्रीवभाऊ, या. बसा."

सुग्रीव बसला न्हाई. म्हणाला, "साहेब, तीन दिस झोप न्हाई. आज बाजार भराय लागला. आजून भरला न्हाई, भराय लागलाय. भरला की मी तुमचं ऐकनार न्हाई. तवर मला अंबाजोगाईला न्या."

सिस्टर, माझ्या सदतीस वर्षांच्या नोकरीत ठाण्यात माणसं आणली गेली, पळून गेली, लपली, रडली. ज्या ठाण्यात हात मोडला त्याच ठाण्यात कुनी आपल्या पायानं मदत मागाय आलेलं मी बघितलं न्हाई.

पुढचं सगळं कागदावर लिहिल्याप्रमाणं झालं. बबितानं कडूबाईला आणलं. गाडी दौऱ्यावर व्हती, शांतवनकाका रिक्षा घेऊन आले. सुग्रीव वाटंनं गात व्हता, जात्यावरची गाणी, लई मोठ्यानं. काका म्हणाले गाऊ द्या, हॉर्नची बचत होते. डायरीत नोंद हाय: इसम स्वतः हजर, रक्षणात घेतला, अकरा वाजता दवाखान्यात पोच. 'ताब्यात घेतला' असं लिहिलेलं न्हाई. मी दोनदा विचारून खात्री केली.

दवाखान्यात कडूबाई केसपेपर काढाय गेली. दाखल करून घेणाऱ्या सिस्टरनं सोमेश्वरला विचारलं, "तुम्ही पेशंटचे कोण?" त्याच्या अंगावर वर्दी, तरी रजिस्टरात नातं लिहावं लागतं. सोमेश्वरनं टोपी काढून बगलंत धरली. पोलीस म्हणावं, तर पेशंट आरोपी झाला. शेजारी म्हणावं, तर खोटं. भाऊ म्हणावं, तर कुठल्या तोंडानं म्हणावं.

सुग्रीवच बोलला. तीन दिवसांच्या बडबडीत तेवढं एक वाक्य त्यानं सावकाश म्हटलं, असं सोमेश्वर सांगतो.

"लिवा," म्हणाला. "घरचाच हाय."

तिनं लिहिलं.

सुग्रीव आता बरा हाय, रविवारी सुटंल. मेंढरं पुन्हा तुमच्या भगिनी मंडळाकडं. झेंडूबद्दल काही विचारू नका.

लेकीला आन् बाळाला आमचा दोघांचा आशीर्वाद. बारशाला आमी येतो. पाळण्यात पोरगं हाय का पोरगी ते तुमी लिहिलंच न्हाई, मोठ्या अक्षरात लिहा.

तानाजी